डॉलरच्या दोन खुणांमधलं नाव

प्रश्न : एका पतसंस्थेच्या सभासद-पोर्टलचं जुनं पायथनमधलं काम मी नुकतंच हाती घेतलंय. पासवर्डच्या रकान्यात सगळी मिसळ आहे. काही हॅश (पासवर्डवरून गणितानं काढलेली, उलट न फिरवता येणारी अक्षरओळ) ‘टू-ए’चे, काही ‘टू-वाय’चे, नवे ‘आर्गॉन-टू-आयडी’चे. आधीच्या माणसानं ‘स्टार्ट्सविथ’ (ओळ अमुक अक्षरांनी सुरू होते का, ही तपासणी) लावून प्रकार ओळखला होता. नवी लायब्ररी मात्र आयडेंटिफायरमध्ये, म्हणजे हॅशच्या सुरुवातीला डॉलरच्या दोन खुणांमध्ये असलेल्या प्रकाराच्या नावात, जरा काही वेगळं दिसलं की सरळ एरर फेकते. हॅश पाठवण्याआधी मीच ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं) आणि लोअरकेस करून दिला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. आणि लोअरकेस तर मुळीच नको. अख्खी ओळ लोअरकेस केलीत तर मागचं सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेली यादृच्छिक अक्षरं) आणि हॅशही बदलेल. तिथं मोठा ‘ए’ आणि लहान ‘ए’ ही वेगवेगळी अक्षरं आहेत. मग सभासद कितीही बरोबर पासवर्ड टाको, दार उघडायचं नाही.

पण तुमचा खरा प्रश्न असा दिसतो की लायब्ररी एवढी खडूस का? त्यावर माझाच एक पराक्रम सांगते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या सर्व्हरवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा होता. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. बी-क्रिप्टचा (‘टू-ए’, ‘टू-वाय’ हे त्याच पद्धतीचे प्रकार) ‘$2y$10$’ असा सुरू होणारा साठ अक्षरी हॅश तयार केला आणि टर्मिनलवर दुहेरी अवतरणात पेस्ट करून अपडेट मारला. कुठलीही एरर नाही. मी झोपायला गेले.

दुहेरी अवतरणात शेलला, म्हणजे टर्मिनलवरचे हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामला, डॉलर दिसला की तो त्याला व्हेरिएबल समजतो. ‘डॉलर दोन’ म्हणजे दुसरा अर्ग्युमेंट. तो दिलेलाच नव्हता, म्हणून तिथं रिकामं, उरला ‘वाय’. पुढचं ‘डॉलर दहा’ त्यानं ‘डॉलर एक’ आणि शून्य असं वाचलं, उरलं शून्य. तिसऱ्या डॉलरनंतरची अक्षरं पहिल्या टिंबापर्यंत एका व्हेरिएबलचं नाव म्हणून गिळली. डेटाबेसात गेलं ‘वाय-शून्य’ आणि मागे हॅशचं शेपूट. एकेरी अवतरण वापरलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

सकाळी अ‍ॅडमिनला लॉगिन होईना म्हणून फोन आला. तिथवर ठीक होतं, नवा हॅश टाकून मोकळी झाले असते. पण मी कोड उघडून पाहिला. आयडेंटिफायर ओळखीचा नसेल तर शेवटच्या ‘एल्स’मध्ये (वरचं काहीच जुळलं नाही तर काय करायचं, त्या भागात) लिहिलं होतं : जुना साधा पासवर्ड समजून जसाच्या तसा ताडून पाहा. म्हणजे रात्रभर त्या खात्याचा पासवर्ड होता डेटाबेसातलं ते तुटकं शेपूटच! बॅकअप ज्याच्या हाती लागेल तो ते टाइप करून आत. तेव्हापासून कुठलाही लॉगिनचा कोड आला की मी आधी शेवटचा ‘एल्स’ वाचते. तुम्हीही आज तेच करा, बाकी सगळं नंतर.

आता ‘एका अक्षरानं काय बिघडतं’ याकडे. बी-क्रिप्ट १९९९ सालचं, नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांचं, ओपन-बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी केलेलं. २०११ मध्ये त्याच्या एका प्रसिद्ध अंमलबजावणीत दोष सापडला : इंग्रजीबाहेरची अक्षरं पासवर्डात आली की गणित चुकत होतं. तेव्हा चुकीच्या गणिताच्या हॅशांना ‘टू-एक्स’ आणि दुरुस्त गणिताच्यांना ‘टू-वाय’ अशी नावं दिली गेली. २०१४ मध्ये ओपन-बीएसडीत पासवर्डची लांबी मोजण्यातली वेगळी चूक निघाली, म्हणून ‘टू-बी’ आलं. म्हणजे त्या अक्षरात हा हॅश कुठल्या गणितानं निघाला ते लिहिलंय. ते शुद्धलेखन समजून सुधारायचं नसतं.

पुढे पासवर्ड हॅशिंगची खुली स्पर्धा झाली, २०१५ मध्ये आर्गॉन-टू जिंकलं, आणि त्याच मंडळींच्या लेखन-पद्धतीत आयडेंटिफायरचा नियम पक्का झाला : इंग्रजी लहान अक्षरं, शून्य ते नऊ अंक आणि आडवी रेघ, बस्स. जास्तीत जास्त ३२ अक्षरं. अंडरस्कोरही नाही. जँगो या पायथन फ्रेमवर्कचे हॅश अंडरस्कोरवालं नाव लावतात आणि सुरुवातीला डॉलरही नसतो, कारण ती त्यांची स्वतःची पद्धत आहे; तसे हॅश तुमच्याकडे निघाले तर ते या वाटेनं पाठवू नका.

‘स्टार्ट्सविथ’ काढाच. ‘आर्गॉन-टू-आय’ आणि ‘आर्गॉन-टू-आयडी’ हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्यानंच होते. आधी ‘आय’ची तपासणी लिहिली असेल तर ‘आयडी’चे सगळे हॅश तिथंच अडकणार. त्यापेक्षा ओळ डॉलरवर तोडा. पहिला तुकडा रिकामा हवा, दुसरा आयडेंटिफायर. तो नियमात बसतो का पाहा, मग चालणाऱ्या आयडेंटिफायरांच्या डिक्शनरीत (यादीत) अख्खा शोधा. नाही सापडला तर लॉगिन नाकारा आणि लॉगमध्ये खाते-क्रमांक लिहा, हॅश लिहू नका. ‘टू-वाय’ला ‘टू-बी’च्या वाटेनं न्यायचं असेल तर खुशाल न्या, नेहमीच्या पासवर्डांना दोघांचं उत्तर एकच येतं. पण तशी नोंद डिक्शनरीत स्वतःच्या हातानं करा.

पायथनची एक गंमत आपल्यासाठी खास आहे. रेगेक्समध्ये (अक्षरांचा साचा तपासायच्या सूत्रात) अंकासाठी ‘बॅकस्लॅश-डी’ लिहिलंत तर तो देवनागरी १२ सुद्धा अंक म्हणून पास करतो, आणि मजकुराचा आकडा करणारा ‘इंट’ त्याचे मुकाट्यानं बारा करून देतो. मराठी कीबोर्डवरून कोणी कॉस्ट (हॅश काढायला किती मेहनत लागावी तो आकडा, माझ्या हॅशमधले दहा) टाकली तर तुमची तपासणी हसतमुखानं पुढे सोडेल. म्हणून कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा आणि अख्खी ओळ जुळवणारं ‘फुलमॅच’ वापरा. रेगेक्सच्या शेवटाला ‘इथं संपलं’ या अर्थाचा नुसता डॉलर लावलात तर ओळीअखेरची न्यूलाइन (ओळ तोडणारं न दिसणारं चिन्ह) निसटते. तुम्हाला ट्रिम करावंसं वाटलं ते बहुधा तिच्यामुळेच. ती जुन्या फाइलमधून आयात करताना आली असणार. एकदाच स्क्रिप्ट चालवून रकाना साफ करा, दर लॉगिनला झाडू मारत बसू नका.

प्रश्न : माझा पासवर्ड देवनागरीत आहे. त्यात काही धोका?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : धोका नाही, पण मोजमाप वेगळं. बी-क्रिप्ट ७२ बाइटच बघतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे धरून. ‘महाबळेश्वर’ डोळ्यांना सहा अक्षरांचं, तिथं दहा चिन्हांचं, म्हणजे ३० बाइट. चोवीस चिन्हांपुढचं बऱ्याच लायब्रऱ्या गुपचूप सोडून देतात. वर सांगितलेला २०११ चा दोष नेमका अशाच पासवर्डांना लागू होता, तेव्हा खातं त्याआधीचं असेल तर पासवर्ड एकदा बदलून घ्या. आणि ‘ऱ’ टाळा. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो, मोबाइलवर टाकलेला लॅपटॉपवर जुळेलच असं नाही.