खाजनातला चिखल आणि हवेतला कार्बन

ओहोटीला मांडवीकाठच्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हाच का तो कार्बन डायऑक्साइड? (दिवाडी)

नाही, त्याला वास नसतो. तुम्हाला येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. गच्च ओल्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू पोचतच नाही. तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि पाला-मुळं कुजवताना हा वायू सोडतात. त्यात कार्बन डायऑक्साइडही तयार होतो, पण त्यातला बराचसा पाण्यात विरघळून ओहोटीबरोबर नदीत जातो. हे कुजणं फार सावकाश चालतं, म्हणून खाली गाडलेला कार्बन शेकडो वर्षं टिकू शकतो. मूठभर काळा चिखल काढून उघड्यावर ठेवून बघा. काळेपणा असतो लोहाच्या सल्फाइडचा; हवा लागली की वरून तपकिरी व्हायला लागतो. कार्बनवरही हवा असंच काम करते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या खाजनाचा (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचा) मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, मोडकळीला आलाय. काही जण म्हणतात, पाणी कायमचं काढून जमीन कोरडी करा. कार्बनच्या दृष्टीने काय बरं? (सांत इस्तेव)

कायमची कोरडी करणं सगळ्यात वाईट. पाणी उतरलं की भेगांतून आणि कुर्ल्यांच्या बिळांतून हवा खोल शिरते, आणि इतकी वर्षं साठलेलं भराभर कुजायला लागतं. मातीतला एक टन कार्बन असा गेला तर हवेत सुमारे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड जातो, कारण प्रत्येक कार्बनला दोन ऑक्सिजन चिकटतात. शिवाय सल्फाइडपासून आम्ल तयार होतं, आणि मग त्या जमिनीत धड भातही येत नाही. माती कुजून जमीन खचते ती वेगळीच. आधीच भरतीच्या पातळीखाली असलेलं शेत आणखी खाली गेलं की बांधावरचा भार वाढतो.

जुन्या लोकांनी दोन्ही टोकं टाळली होती. पावसाने मीठ धुऊन निघालं की कोरगुट (खारट जमिनीत तगणारं भात), भात कापलं की पोंयतून (खाजनातल्या पाणथळ खोलगट भागातून) खारं पाणी आत आणि मासळी. त्यामुळे जमीन वर्षभर कधीच सुकून खडखडीत होत नसे. ही व्यवस्था त्यांनी काही कार्बनसाठी केली नव्हती, हेही खरंच. पण माझा सल्ला हाच: आधी मानस दुरुस्त करा, पाण्यावर ताबा ठेवा.

बांध फुटून आमच्या शेतात खारफुटी वाढली. ती कार्बन शोषते म्हणतात, मग बांध कशाला बांधायचा? (चोडण)

खारफुटी कार्बन साठवते, तिचा मोठा वाटा मुळांखालच्या चिखलात असतो, आणि ती तोडायला कायद्यानेही मनाई आहे. पण बांध फुटून आलेल्या झाडांना सरसकट 'हवामानाचा विजय' म्हणणं मला पटत नाही. तिथे भात गेलं, घरचा तांदूळ गेला. जिथे नदीकाठी जागा आहे तिथे खारफुटी जरूर वाढू द्या. शेत पडीक ठेवून कार्बन मोजत बसणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे.

पावसाळ्यात नदी गोडी होते. तेव्हा काय बदलतं? (रायबंदर)

सल्फेट कमी पडतं, आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना वाव मिळतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट तापवतो. म्हणून गोड्या आणि खाऱ्या दलदलीला एकाच मापाने मोजू नये.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी वायू मोजायचाय. कसा? (ताळगाव)

तळ नसलेली पेटी चिखलात रोवून बंद करतात आणि आतला वायू किती वेगाने वाढतो ते अवरक्त किरणांच्या मीटरवर बघतात. पेटी रोवताना चिखल ढवळला की साठलेला वायू एकदम सुटतो आणि आकडा फुगतो, म्हणून पेटी जिच्यावर बसते ते कडं आदल्या दिवशी रोवून ठेवा आणि उभं राहायला फळी टाका. पारदर्शक आणि काळी अशा दोन्ही पेट्या वापरा. नाहीतर हिरव्या पात्यांनी उन्हात शोषलेला कार्बन आणि चिखलाने सोडलेला यांची सरमिसळ होईल. ओहोटीच्या आणि भरतीच्या, दोन्ही वेळा मोजा. नुसती दुपारची ओहोटी मोजून वर्षाचा आकडा काढू नका.