चहा-मॅगीपलीकडे काही येत नाही, परदेशात कॅनमधल्या छोल्या-राजम्यातून काय करता येईल?

'कोणी ताई-दादा सांगेल का' असं तूच लिहिलंयस, म्हणून सरळ अरे-तुरे करते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी जर्मनीला निघालायस, चहा आणि मॅगीपुढे मजल गेलेली नाही, तिकडे राजमा-छोले कॅनमध्ये मिळतात असं ऐकलंयस. तर त्यातून काय करता येईल, आणि ते रोज खाल्लं तर चालतं का?

चालतं. मी पहिले तीन महिने जवळपास त्यावरच काढले. २०१४च्या ऑक्टोबरात एका शनिवारी रात्री होस्टेलवर पोचले. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं छोल्यांचा एक डबा हातात ठेवला. माझ्याकडे आईनं दिलेला गोडा मसाला होता, तेलाचा थेंब नव्हता. डबा उघडून, छोले धुऊन, वर मसाला भुरभुरून चमच्यानं खाल्ले. पोट भरलं, पण रडूही आलं.

आता मुद्द्याचं. डब्यातलं कडधान्य शिजलेलं असतं. कारखान्यात भिजवलेले दाणे पाण्यासकट डब्यात भरतात, झाकण पक्कं करतात आणि मग तो बंद डबाच साधारण १२१ अंशांवर तापवतात. म्हणजे आपल्या कुकरचाच थोरला भाऊ. भिजत घालणं, शिट्ट्या मोजणं, दाणा बोटात दाबून बघणं, हे सगळं उरकलेलं असतं. तुझ्याकडे उरतं ते फोडणीपासून पुढचं. नवशिके नेमके इथेच घसरतात. शिजलेलंच आहे म्हणून मसाल्यात टाकून दोन मिनिटं गरम करतात, आणि मग ताटात रस्सा एकीकडे, दाणे दुसरीकडे. मुरायला वेळ लागतोच, तो डब्यातून विकत मिळत नाही.

छोल्यांची उसळ नीट सांगते. ती जमली की बाकीचं आपोआप येतं.

डबा बहुतेक ४०० ग्रॅमचा असतो, पण पाणी काढल्यावर हातात २४० ते २६५ ग्रॅम छोले येतात. लेबलवर 'आब्ट्रॉप्फगेविख्ट' असं लिहिलेला आकडा खरा, किंमत त्यावर ताडायची. एका डब्यात एक भुकेलेला माणूस दोनदा जेवतो. छोले चाळणीत ओतून नळाखाली खळखळून धू. त्या चिकट पाण्यात मीठ भरपूर असतं, धुतल्यानं बरंचसं जातं. रोज खाणाऱ्यानं तर हे टाळूच नये.

पातेल्यात दोन मोठे चमचे तेल. इथे एक सावधगिरी. तिकडच्या शेगड्या बहुतेक विजेच्या. बटण बंद केलं तरी तबकडी पुढची पाच-दहा मिनिटं तापलेलीच राहते. आपल्याकडे मोहरी तडतडली की गॅस बारीक करतात, तिथे बारीक केल्याचं शेगडीला कळेपर्यंत मोहरीचा कोळसा होतो. म्हणून पातेलंच उचलून बाजूला घ्यायचं. मी पहिल्या आठवड्यात तेल धूर येईपर्यंत तापवलं आणि त्यात तिखट टाकलं. छतावरचा अलार्म कोकलायला लागला आणि अख्खा मजला सपाता घालून पावसात बाहेर उभा. तेव्हा मध्यम आच, आणि खिडकी आधी उघडायची.

मोहरी तडतडली की जिरं, चिमूटभर हिंग, मग एक मोठा कांदा बारीक चिरून. कांद्याला दहा मिनिटं दे. पारदर्शक झाला की झालं असं सांगतील, ऐकू नकोस, कडा तांबूस होऊ देत. मग ठेचलेलं आलं-लसूण, अर्धा चमचा हळद, एक चमचा तिखट, लगेच अर्धा डबा टोमॅटो. टोमॅटो आधीच तयार ठेव, नाहीतर मसाला जळतो. आता हे मिश्रण तेल सुटेपर्यंत परतायचं. 'तेल सुटणं' म्हणजे काय हे मला दोन महिने कळलं नव्हतं. उलथन्यानं मिश्रण मधून बाजूला सार. तळाशी पाणी झिरपत आलं तर अजून व्हायचंय. कडेनं तेलाची चकाकी दिसली आणि बुडबुडे फुटफुट करत जाडसर झाले की झालं. आठ-दहा मिनिटं लागतात.

मग छोले. पण सगळे नाही. मूठभर छोले वाटीत घेऊन चमच्याच्या पाठीनं चेच, आणि तो लगदाही घाल. रस्सा मिळून येतो तो त्यानंच. दीड चमचा गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ, एक कप गरम पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. मीठ अगदी शेवटी, चव बघूनच, कारण डब्यातल्यात आधीच असतं. ही उसळ दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते, त्यामुळे रात्री दोन डब्यांची करून ठेवली की सकाळच्या लेक्चरचा प्रश्न मिटतो.

टोमॅटोच्या डब्यांत तीन प्रकार दिसतील: अख्खे सोललेले, 'गेहाक्टं' म्हणजे चिरलेले, आणि 'पासिएर्ट' म्हणजे गाळलेला रस. ग्रेव्हीला गाळलेला किंवा अख्खा घे. चिरलेल्यांतल्या काहींत फोडी टणक राहाव्यात म्हणून कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, मग कितीही परतलं तरी त्या विरघळत नाहीत आणि आपण उगाच स्वतःला दोष देत बसतो. हिवाळ्यात तिथले ताजे टोमॅटो दिसायला लाल आणि चवीला पाणी असतात. डब्यातले ऐन हंगामातले असतात, त्यामुळे तेव्हा डबाच बरा.

राजमाही असाच, फक्त गोड्या मसाल्याऐवजी धणे-जिरे पूड आणि थोडा गरम मसाला. तिथल्या राजम्याच्या डब्यात पुष्कळदा साखरही असते, म्हणून दोनदा धू आणि गूळ विसर. सुका राजमा स्वस्त पडतो म्हणून मोहात पडशील, तर लक्षात ठेव: तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळून मऊ शिजवायला हवा. कच्च्या राजम्यात असलेलं एक द्रव्य पोटाची वाट लावतं, आणि मंद आचेवर अर्धवट शिजवला तर त्याचा त्रास आणखी वाढू शकतो. डब्यातल्याला ही भीती नाही.

मसुराच्या डब्याची एक गंमत. 'लिन्झन' लिहिलेला डबा म्हणजे साधे अख्खे मसूर, कधी सोबत थोड्या भाज्या. त्याला लसणाची फोडणी आणि आमसूल दिलं की वीस मिनिटांत आमटी. पण बाजूलाच 'लिन्झन-आइनटॉप्फ' ठेवलेलं असतं, चित्र हुबेहूब आमटीचं. आमच्यातल्या एका शाकाहारी मुलानं तो डबा आनंदानं अर्धा संपवला आणि मग विचारलं, हे गुलाबी तुकडे कसले. 'स्पेक' आणि 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'रिंड' म्हणजे गाय-बैल. तुझं काय चालतं मला माहीत नाही, पण हे तीन शब्द विमानात बसायच्या आधी पाठ कर.

वाटाणा, पालक आणि मशरूम मात्र डब्यातले घेऊ नकोस. वाटाणा पिठूळ, पालक म्हणजे चिखल, मशरूम रबर. वाटाणा-पालक फ्रोझन घे, चांगला असतो. मका चालतो, उपम्यात टाक.

नारळाच्या दुधाचा डबा कपाटात कायम हवा. थंडीत वरचा थर साबणासारखा घट्ट बसतो, तो खराब झालेला नाही, ती साय आहे. डबा कोमट पाण्यात ठेवून हलव. घेताना नारळाचं प्रमाण बघ, 'लाइट' म्हणजे पाण्याचे पैसे. आठ-दहा आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चुरायची, त्यात अर्धा डबा दूध, दीड-दोन कप पाणी, एक लसूण पाकळी आणि हिरवी मिरची ठेचून, मीठ. सोलकढी तयार, शेगडी लावायचीच नाही.

मासे खात असशील तर तेलातल्या सार्डिनचा डबा म्हणजे आपल्या तारलीचीच भावंडं. त्याच डब्यातल्या तेलात कांदा परतून, हळद-तिखट-आमसूल घालून, मासे शेवटी अलगद सोडायचे आणि ढवळायचं नाही. पाच मिनिटांत सुकं. फ्लॅटमेट कुरकुरतील, पोळीला बोलावलं की थांबतात.

आणि खरा खजिना भारतीय दुकानात: हापूसच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा. जर्मन सुपरमार्केटात 'क्वार्क' मिळतं, ते आपल्या चक्क्याच्या अगदी जवळचं. ४० टक्के फॅटवालं घे. 'मागर' लिहिलेलं बिनसायीचं असतं, खरखरीत लागतं. ५०० ग्रॅम क्वार्कात दीड वाटी रस, वेलदोडा. रस बहुधा आधीच गोड असतो, साखर चाखून घाल. आम्रखंड! उरलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव.

थोडं सुरक्षेचं. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा चाखूनसुद्धा बघायचा नाही, थेट फेकायचा. त्यातला विषारी जंतू वासानं कळेलच असं नाही. बाजूला साधा पोचा असेल तर घाबरू नकोस. उघडलेल्यातलं उरलं तर दुसऱ्या डब्यात काढून फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपव. झाकणाची कड पात्यासारखी असते, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. सगळ्या डब्यांना ओढायची कडी नसते, म्हणून पहिल्याच दिवशी ओपनर घे. गंमत म्हणजे पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडात १८१० साली निघालं आणि तो उघडायचं खास हत्यार यायला १८५०चं दशक उजाडलं. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोडा घेऊन जेवायला बसत होते.

बॅगेत मोहरी, हिंग, हळद, तिखट, गोडा मसाला आणि आमसुलं, एवढंच पुरे. आई तुपाची बरणी देईल, ती प्रेमानं परत कर. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून न्यायला बंदी आहे. तिथलं लोणी कढवलं की झालं तूप. कुकर पहिल्या खेपेला नकोच. पाच डब्यांइतके छोले अर्ध्या किलो सुक्यांत होतात, तो हिशेब टोचायला लागला की मग घे.

रिकामे डबे धुऊन पिवळ्या पिशवीत टाकायचे. शीतपेयाच्या कॅनवर २५ सेंट परत मिळतात हे मला कोणीतरी सांगितलं होतं. ते फक्त पेयांना असतं, हे सांगितलं नव्हतं. मी महिनाभर राजम्या-छोल्यांचे डबे घासूनपुसून जमवले आणि पिशवी भरून मशीनपाशी रांगेत उभी राहिले. मशीन एकेक डबा आत घ्यायचं, गोल फिरवून बघायचं आणि परत बाहेर ढकलायचं. सातव्या डब्याला मागच्या आजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.