वाचकांचे प्रश्न : अवशेषांना वातानुकूलन का मानवत नाही?

प्रश्न : चीनमध्ये शिआनजवळच्या हानयांगलिंग संग्रहालयात उत्खननाचे खड्डे काचेआड बंद ठेवले आहेत आणि प्रेक्षक काचेच्या मार्गिकेतून ते पाहतात. एवढा खटाटोप करण्याऐवजी साऱ्या इमारतीलाच वातानुकूलन यंत्रणा का बसवली नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला सुखावणारी थंड, कोरडी हवाच अशा अवशेषांच्या मुळावर येते, म्हणून. कपाटातली मूर्ती जमिनीपासून सुटलेली असते. खड्ड्याच्या मातीच्या भिंती मात्र खालच्या ओलीशी जोडलेल्या असतात. वरची हवा कोरडी झाली की खालचे पाणी वर ओढले जाते, पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. जुन्या वाड्याच्या जोत्याला लोणा लागतो तो असाच. बोट फिरवले की पांढऱ्या पुडीबरोबर भिंतीचे कणही हाताला येतात. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळते आणि खाली आली की पुन्हा स्फटिकरूप धरते, आणि दर वेळी हे स्फटिक मातीचे कण सुटे करतात. त्यामुळे दिवसा यंत्रणा चालू आणि रात्री बंद, ही काटकसर तर फारच महागात पडते.

हान सम्राट जिंग (राज्यकाल इ. स. पू. १५७ ते १४१) याच्या समाधीभोवतीच्या खड्ड्यांवर २००६ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात म्हणून दोन हवा वेगळ्या केल्या आहेत : माणसांची एक, मातीची दुसरी. नुसता उभा असलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता आणि श्वासावाटे बाष्प सोडत असतो. ते काचेच्या अलीकडेच राहते. पलीकडची हवा जवळजवळ बाष्पाने भरलेली असल्यामुळे काच थंड पडली की तिच्यावर दव धरते, आणि ते टाळायला काच किंचित उबदार ठेवावी लागते. एवढे करूनही तेथील मातीला भेगा पडल्याचे आणि क्षार वर आल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे, कारण हवा पूर्ण संपृक्त नसेल तर बाष्पीभवन मंदगतीने का होईना, चालूच राहते.

माझ्या मते यंत्रणेचा विचार शेवटी करावा. आधी भूजल आणि ऊन यांचा बंदोबस्त हवा. इटलीतल्या सिसिली बेटावरील व्हिला रोमाना देल कासाले या प्राचीन रोमन वाड्यातील मोझाइकच्या फरशांवर वास्तुविशारद फ्रँको मिनिस्सी यांनी १९५०च्या दशकाअखेरीस पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन उभारले. दिसायला ते देखणे होते, पण उन्हाळ्यात आत काचघरासारखा उकाडा होई. अखेर ते काढून अपारदर्शक छप्पर घालावे लागले आणि २०१२ मध्ये ते स्थळ पुन्हा खुले झाले.