पोरीला सूत्रं पाठ आहेत, तरी अवयव का पडत नाहीत?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी आता दहावीला जाणार, आठवीपासूनची सगळी सूत्रं घडाघडा म्हणते, आणि नववीच्या वार्षिक परीक्षेत ४क्ष² + १३क्ष + ९ चे अवयव, म्हणजे गुणले की तीच राशी परत येईल असे कंस, (२क्ष + ३)² लिहून आली. २७अ³ + ८ब³ ला (३अ + २ब)³ लिहिलं. २क्ष² − ५० कोरंच सोडलं. आता तुम्ही विचारताय की सूत्रांचा मोठा तक्ता करून अभ्यासाच्या टेबलासमोर लावू का.

लावू नका. तो तक्ता तिच्या डोक्यात आधीच लागलेला आहे. या तिन्हीपैकी एकही चूक सूत्र विसरल्यामुळे झालेली नाही. तिने सूत्र डावीकडून उजवीकडे पाठ केलंय आणि पेपरात ते उजवीकडून समोर येतं. नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत ओळखीच्या माणसाची नुसती पाठ दिसावी, तसं. चालीवरून ओळखायचं तर त्याच्यासोबत आधी चाललेलं असावं लागतं. गणितात ते चालणं म्हणजे गुणाकार, आणि तोच पोरं टाळतात, कारण सूत्र असताना गुणाकार कशाला करायचा असं त्यांना वाटतं.

मी नंदनवनला घरच्याच एका खोलीत पंचवीसेक वर्षं नववी-दहावीच्या शिकवण्या घेतोय. मी स्वतः नववीत असताना आमच्या मास्तरांनी प्रत्येक सूत्र शंभर वेळा लिहायला लावलं होतं. अक्षर सुधारलं, अवयव काही सुधारले नाहीत. (तुमच्या मुलीच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतील. मी जुन्या सवयीने अ, ब, क्ष लिहितो, तेवढं चालवून घ्या.)

सुरुवात जमिनीपासून करा, अगदी खरोखरच्या. सात बाय सात फरश्यांची खोली घ्या, नाहीतर चौकटीच्या वहीत काढा. सातचे ३ आणि ४ असे भाग पाडून उभी-आडवी रेघ ओढा. एका कोपऱ्यात ३ × ३ म्हणजे ९ फरश्या, समोरच्या कोपऱ्यात ४ × ४ म्हणजे १६. बेरीज २५. पण खोलीत फरश्या ४९ आहेत. उरलेल्या २४ कुठे गेल्या? बाकीच्या दोन कोपऱ्यांत ३ × ४ चे दोन सारखे आयत आहेत, १२ आणि १२. तेच ते (अ + ब)² = अ² + २अब + ब² मधलं २अब. पोरगी एकदा बोटाने त्या फरश्या मोजेल, तर (अ + ब)² = अ² + ब² पुन्हा लिहिणार नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, मधलं पद ‘दुप्पट’ का असतं हे तिला कळेल: आयत दोन आहेत म्हणून. हे कळलं की पुढचं निम्मं काम झालं.

आता तिची पहिली चूक. ४क्ष² + १३क्ष + ९ पाहिलं की दोन्ही टोकं वर्ग दिसतात, ४क्ष² हा २क्ष चा आणि ९ हा ३ चा. ती टोकं बघून थांबली. टोकं फक्त संशय देतात, निकाल मधलं पद देतं. २ × २क्ष × ३ = १२क्ष यायला हवं होतं आणि इथे १३क्ष आहे, म्हणजे पूर्ण वर्ग नाही. मग अवयव पडतच नाहीत का? पडतात. (४क्ष + ९)(क्ष + १) करून बघा.

इथे जरा थांबा, कारण ही जागा मला फार आवडते. टोकं तीच ठेवा, ४क्ष² आणि ९. त्यांच्या सहगुणकांचा, म्हणजे ४ आणि ९ या आकड्यांचा, गुणाकार ३६. आता ३६ च्या जोड्या पाडा: १ व ३६, २ व १८, ३ व १२, ४ व ९, ६ व ६. प्रत्येक जोडीची बेरीज करा: ३७, २०, १५, १३, १२. मधलं पद यांपैकी कुठलंही असेल तर अवयव पडतात. ३७ ला (४क्ष + १)(क्ष + ९), २० ला (२क्ष + १)(२क्ष + ९), १५ ला (४क्ष + ३)(क्ष + ३), १३ ला वर दिलेले (१३क्ष ची फोड ४क्ष + ९क्ष), आणि १२ ला (२क्ष + ३)². मध्ये १४ असेल तर पूर्णांकात काही होत नाही, कारण गुणाकार ३६ आणि बेरीज १४ अशी जोडीच नाही. म्हणजे पूर्ण वर्ग ही काही निराळी जात नव्हे. ती याच कुटुंबातली, जिच्यात जोडीचे दोन्ही आकडे सारखे निघाले अशी. मुलीकडून ही पाचही उदाहरणं एकाच पानावर, एकाखाली एक, गुणाकार करून तपासून घ्या. मधल्या पदाची फोड करणं आणि पूर्ण वर्ग ओळखणं हे शाळेत दोन वेगळे धडे असल्यासारखे शिकवले जातात, त्यामुळे पोरांना ते दोन वेगळे विषय वाटतात.

चिन्हाचं एवढंच: तीन पदांची राशी पूर्ण वर्ग व्हायची तर टोकं दोन्ही धन हवीत. ४क्ष² + १२क्ष − ९ दिसलं तर पूर्ण वर्गाचा विचारही करायचा नाही. मधलं पद ऋण असेल तर चालतं, ४क्ष² − १२क्षय + ९य² म्हणजे (२क्ष − ३य)².

२क्ष² − ५० कोरं का राहिलं? कारण २ हा वर्ग नाही, ५० हा वर्ग नाही, आणि तिला ‘वर्गांतील वजाबाकी’, म्हणजे अ² − ब² = (अ + ब)(अ − ब), कुठे दिसेना. आधी सामाईक काढायचं: २(क्ष² − २५), मग २(क्ष − ५)(क्ष + ५). बाहेरून आल्यावर घरात शिरताना चपला काढतो, तितकं हे सवयीचं व्हायला हवं. १८अ³ब − ८अब³ भयंकर दिसतं, २अब बाहेर काढलं की आत ९अ² − ४ब² उरतं. माझ्या अनुभवात पोरांचे सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे, सूत्रांत नाही.

वर्गांतील वजाबाकीसाठी कात्री आणा. १० सेंटिमीटर बाजूचा कागदाचा चौरस, कोपऱ्यातून ३ चा चौरस कापून टाका. उरला वाकडा तुकडा, क्षेत्रफळ १०० − ९ = ९१. तो १० × ७ आणि ७ × ३ अशा दोन पट्ट्यांत कापा आणि ७ च्या बाजूला बाजू लावून जोडा. १३ × ७ चा आयत होतो. १० + ३ आणि १० − ३. दहा मिनिटांचं काम आहे, पण जन्मभर पुरतं.

हेच सूत्र बाजारात वापरलेलं मी लहानपणी पाहिलंय. माझे काका इतवारीत एका किराणा दुकानात हिशेब लिहायचे. ४८ किलो माल, ५२ चा भाव, तर ते ‘अडीच हजाराला चार कमी’ म्हणायचे. २४९६. पन्नासातून दोन कमी, पन्नासात दोन जास्त. त्यांना बीजगणित येत नव्हतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, वर्ग काढायच्या रीतींमध्ये हीसुद्धा आहे: संख्येत काहीतरी मिळवा, तितकंच वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा आणि त्या ‘काहीतरी’चा वर्ग मिळवा. ६५ चा वर्ग हवा तर ६० × ७० = ४२००, त्यात २५, झाले ४२२५. मुलीला अशा पाच संख्या तोंडी विचारा, पोळ्या लाटता लाटता विचारल्या तरी चालेल.

हे सूत्र वेष बदलून येतं, ते वेष दाखवून ठेवा. क्ष⁴ − १६ चे (क्ष² − ४)(क्ष² + ४) करून पोरं पेन खाली ठेवतात. क्ष² − ४ अजून फुटतो. अ² − ब² − २बक − क² मध्ये चार पदं पाहून गडबडतात, पण शेवटच्या तिघांतून ऋण चिन्ह बाहेर काढलं की अ² − (ब + क)² समोर उभं राहतं. क्ष⁶ − ६४ हे वर्गांचंही आहे आणि घनांचंही. अशा वेळी वर्ग आधी करावा: (क्ष³ − ८)(क्ष³ + ८), मग प्रत्येकाचे घनाचे अवयव सरळ पडतात. घन आधी केला तर क्ष⁴ + ४क्ष² + १६ हातात येतं आणि तिथे पोरगं अडकून राहते.

वर्गांच्या बेरजेचे, म्हणजे अ² + ब² चे, अवयव पडत नाहीत हे शाळेत सांगतात आणि ते तिथपर्यंत बरोबर आहे. पण क्ष⁴ + ४ बघा. हेही दोन वर्गांचीच बेरीज. त्यात ४क्ष² मिळवा आणि वजा करा: (क्ष² + २)² − ४क्ष², म्हणजे (क्ष² − २क्ष + २)(क्ष² + २क्ष + २). सोफी जर्मेन (१७७६ ते १८३१) या फ्रेंच गणितज्ञ बाईंच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. क्ष च्या जागी ३ ठेवा, ८५ = ५ × १७. पाच ठेवा, ६२९ = १७ × ३७. दहावीच्या पेपराला याची गरज नाही. मात्र ‘मिळवा आणि वजा करा’ ही चाल दहावीत वर्गसमीकरणं पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवताना जशीच्या तशी येते, म्हणून आताच दाखवलेली बरी.

आता घन. २७अ³ + ८ब³ आणि (३अ + २ब)³ यांतला फरक सांगून पटत नाही, आकडे घालून पटतो. अ आणि ब दोन्ही १ घ्या. पहिलं ३५, दुसरं १२५. संपला वाद. खरे अवयव (३अ + २ब)(९अ² − ६अब + ४ब²). दुसऱ्या कंसात हमखास होणारी चूक म्हणजे ६अब ऐवजी १२अब. वर्गाची दुप्पट इतकी अंगवळणी पडलेली असते की हात आपोआप दोनाने गुणतो. इथे दुप्पट नाही. का नाही, ते कंस पूर्ण गुणून पाहिल्यावर दिसतं: सहा पदं येतात, त्यांतली मधली चार एकमेकांना खाऊन टाकतात, दोन टोकं उरतात. दुप्पट घेतली तर ती कटत नाहीत. तिला हा गुणाकार निदान तीनदा, वेगवेगळ्या आकड्यांनी, पूर्ण लिहायला लावा. कंटाळेल, तरी लावा. आणि खरोखरचा घन असेल तर पदं चार असतात, जसं ८क्ष³ + ३६क्ष² + ५४क्ष + २७ म्हणजे (२क्ष + ३)³. नुसती पदं मोजली असती तरी तिची दुसरी चूक टळली असती.

ताळा करायला मी पोरांना क्ष = १० ठेवायला सांगतो. ० आणि १ ठेवू नये असं नाही, पण १ ठेवला की क्ष, क्ष², क्ष³ सगळे सारखेच होतात आणि काही चुका लपून राहतात. दहा ठेवला की सहगुणक अंकांसारखे रांगेत बसतात. क्ष² + ५क्ष + ६ चे १५६ होतात आणि (क्ष + २)(क्ष + ३) चे १२ × १३, तेही १५६. तिचं चुकलेलं गणित घ्या: ४क्ष² + १३क्ष + ९ म्हणजे ५३९, आणि (२क्ष + ३)² म्हणजे २३ चा वर्ग, ५२९. दहाचा फरक, म्हणजे बरोबर एक क्ष कुठेतरी कमी पडला. खरे अवयव ४९ × ११, गुणून बघा. अर्ध्या मिनिटाचा ताळा आहे, पण पेपरात कुणी करून नाही राहिलं.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, उन्हामुळे दुपारी बाहेर पडायची सोय नाही. या दिवसांत पुस्तकातली गणितं बाजूला ठेवा आणि रोज तिला स्वतः पाच गणितं ‘तयार’ करायला सांगा. दोन कंस मनात धरायचे, गुणायचे, उत्तर दुसऱ्या कागदावर तुम्हाला द्यायचं. तुम्ही ते चार दिवसांनी, क्रम बदलून, तिच्याचपुढे ठेवायचं. तोवर ती कंस विसरलेली असते. कधी एखादा आकडा मुद्दाम बदलून द्या, १२ चा १३ करून. बघा चिडते की पकडते. माझ्याकडे एक मुलगा तर पुढे असे सापळे माझ्यासाठीच लावायला लागला, आणि एकदा मी पडलो त्यात.

सध्या ही पाच द्या, कुठलं सूत्र ते सांगू नका. एक: ३क्ष² − ४८. दोन: २५क्ष² − ७०क्ष + ४९. तीन: ९क्ष² + २०क्ष + ४. चार: अ⁴ + अ² + १. पाच: ६४अ³ − १२५ब³. तिसऱ्यात ती (३क्ष + २)² लिहिते की ३६ च्या जोड्या मांडते ते लांबून बघत राहा, मध्ये बोलू नका. चौथं तिला नाही आलं तरी काही बिघडत नाही. तिला फक्त विचारा की मध्ये अ² च्या जागी २अ² असतं तर काय केलं असतं.