प्रश्न तुमचे : स्वस्त लॅपटॉपवरचं लिनक्स बदलताना

प्रश्न : मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सीताबर्डीतून तिच्यासाठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचा लहान लॅपटॉप घेतला. विंडोज नसल्यामुळे स्वस्त पडला. आत एंडलेस ओएस हे लिनक्स आहे. कॉलेजात शिकवलेली, सॉफ्टवेअर टाकण्याची ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल’ ही कमांड यात चालतच नाही. दुकानदार म्हणतो, हे काढून मिंट हे दुसरं लिनक्स टाका. टाकावं का? घरच्या घरी जमेल का?
— एक पालक, मानेवाडा

उत्तर : लॅपटॉपमध्ये काही बिघडलेलं नाही. एंडलेसची रचनाच तशी आहे. सिस्टिमचा गाभा कुलूपबंद असतो, तो एकगठ्ठा अपडेट होतो आणि अ‍ॅप्स फ्लॅटपॅकमधून, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या पॅकेटांतून येतात. त्यामुळे अ‍ॅप्टला तिथे कामच नाही. नुसतं ब्राउझर आणि लिबरऑफिस वापरायचं असतं तर ‘आहे तेच ठेवा’ असं सांगितलं असतं, कारण ही सिस्टिम सहसा मोडत नाही. बीसीएला मात्र कंपायलर, डेटाबेस, सर्व्हर हे सगळं लागणार. तेव्हा बदला. लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती या यंत्राला झेपेल आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

मिंटची आयएसओ फाइल (पूर्ण इन्स्टॉल डिस्कची एकच फाइल) ३ जीबीच्या आसपास असते. डाउनलोड झाल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. मोबाइल डेटावर अर्धवट उतरलेली फाइल पुढे इन्स्टॉलच्या मध्येच दगा देते, आणि दोष उगाच पेनड्राइव्हवर जातो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. त्यावर फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. ‘डिस्क्स’ प्रोग्राम उघडा, डावीकडे पेनड्राइव्ह निवडा आणि मेनूतलं ‘रिस्टोअर डिस्क इमेज’ वापरा. निवडलेल्या ड्राइव्हचा आकार दोनदा वाचा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, आणि ८ ऐवजी ६४ वर बोट पडलं की मुलीच्या फाइली गेल्याच.

लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या बूट मेनूसाठी, चालू करताना एसरवर एफ१२ (आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, तो चालू करावा लागतो), असुसवर एस्केप, एचपीवर एफ९, लेनोवोवर बहुतेक एफ१२. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की इन्स्टॉलच्या चिन्हाला लगेच हात लावू नका. अर्धा तास तसंच वापरून पाहा : वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. इथे जे चालतं ते इन्स्टॉलनंतरही चालतं. वायफायच दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट मिळतं, आणि इन्स्टॉल झाल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ला हवा तो ड्रायव्हर सापडतो का ते पाहता येतं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर असा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (ड्रायव्हरची सही मान्य करण्याचा पर्याय) येतं. तिथे तोच पासवर्ड द्यायचा असतो. गडबडीत ‘कंटिन्यू’ दाबलं की वायफाय पुन्हा गायब.

यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात : जुन्या सिस्टिमची पूर्ण प्रत. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या त्याच (लाइव्ह) मिंटमध्ये ‘डिस्क्स’ उघडा. आतलं स्टोरेज ईएमएमसी (स्वस्त लॅपटॉपमधली मेमरी चिप) प्रकारचं असेल तर नाव ‘एसडीए’ नव्हे, ‘एमएमसीबीएलके०’ दिसेल. शेजारी बूट०, बूट१ नावाच्या काही एमबीच्या नोंदीही दिसतील. त्यांना हात लावू नका. मुख्य ड्राइव्ह निवडून ‘क्रिएट डिस्क इमेज’ द्या आणि फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. तिथे ६४ जीबी मोकळी हवी. आतला डेटा दहाच जीबी असला तरी प्रत पूर्ण आकाराचीच होते. बाहेरची डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीला गाडी अडेल. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवी. कधी लॅपटॉप विकायचा झाला, तर हीच फाइल कामी येईल.

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडा. होमचं (आपल्या फाइलींच्या फोल्डरचं) वेगळं पार्टिशन वगैरे थाट ६४ जीबीत करू नका. एका बाजूला जागा पडून राहते आणि दुसरीकडे संपते. ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा कप्पा) आपोआप बनतं. चार्जर जोडलेला ठेवा. पंखा नसलेला लॅपटॉप नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी गादीवर ठेवून हे काम काढू नये. सकाळी, टेबलावर करा.

पुढे दोन गोष्टी. ४ जीबी रॅमला आधार म्हणून ‘झेडरॅम-कॉन्फिग’ टाका. ते निम्म्या रॅममध्ये दाबून भरलेली स्वॅप (रॅम भरली की लागणारी जादा जागा) बनवतं. आणि टाइमशिफ्ट या मिंटच्या बॅकअप प्रोग्रामला सिस्टिमचे दोनच स्नॅपशॉट (मागच्या स्थितीच्या प्रती) ठेवायला सांगा, नाहीतर तीन महिन्यांत ‘जागा संपली’ची पाटी लागेल. ईएमएमसी मदरबोर्डवरच डकवलेली असते, बदलून मोठी घालता येत नाही.

प्रश्न : मिंट इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं तर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. पेनड्राइव्ह लावला की चालतं. लॅपटॉप एसरचा आहे.
— वाचक, जरीपटका

उत्तर : मिंट डिस्कवर आहे, पण फर्मवेअर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, बायोस किंवा यूईएफआय) त्याला ओळख देत नाही. एफ२ दाबून बायोसमध्ये जा. ‘सिक्युरिटी’खाली सुपरवायझर पासवर्ड ठेवा, तो ठेवेपर्यंत पुढचे पर्याय राखाडीच राहतात. मग ‘सिलेक्ट अ यूईएफआय फाइल अ‍ॅज ट्रस्टेड’ उघडा. तिथून ईएफआय, मग ‘उबुंटू’ फोल्डर, आणि त्यातली ‘शिमएक्स६४’ फाइल निवडा, मिंटची सुरुवात तीच करते. मिंट आपल्या फाइली उबुंटूच्याच नावाने ठेवतं, म्हणून ‘मिंट’ शोधत बसू नका. तिला नाव द्या, एफ१० ने सेव्ह करा, परत बायोसमध्ये येऊन बूट क्रमात ती वर घ्या. काम झालं की पासवर्ड काढून टाका. विसरलात तर सर्व्हिस सेंटरची वारी ठरलेली.

ही सोय तुमच्या मॉडेलमध्ये नसेल तर पेनड्राइव्हवरून सुरू करून ईएफआय पार्टिशन उघडा. ईएफआयच्या आत ‘बूट’ फोल्डरमध्ये शिमची प्रत ‘बूटएक्स६४’ या नावाने ठेवा आणि शेजारी त्याच ‘उबुंटू’ फोल्डरमधली ‘ग्रबएक्स६४’. एक्स्टेन्शन ईएफआयच राहू द्या. दुसरं काही सापडलं नाही की फर्मवेअर याच नावाकडे वळतं.

प्रश्न : दहा इंची जुना लॅपटॉप, अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, तरी मिंटचा पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही.
— वाचक, इंदोरा

उत्तर : त्या काळच्या बऱ्याच अ‍ॅटम यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा आणि यूईएफआय मात्र ३२ बिटची, अशी विजोड जोडी असते. मिंटच्या पेनड्राइव्हवर ३२ बिटचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) नसल्याने यंत्राला तो रिकामा वाटतो. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या १२ पासूनच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्ये दोन्ही बूटलोडर असतात, वायफायची फर्मवेअरही सोबत येते. डेस्कटॉप निवडताना एलएक्सक्यूटी हा हलका पर्याय घ्या. ब्राउझरचे तीन-चार टॅब चालतील, दहा नाही. आवाजाची या यंत्रांत खात्री नसते. हेडफोन यूएसबीचा घ्या.

प्रश्न : मिंट टाकल्यापासून जुने मराठी अर्ज उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.
— टायपिंग व्यावसायिक, सक्करदरा

उत्तर : ते अर्ज कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधले असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या संगणकावरची फॉन्टची फाइल आणून डबल-क्लिक करा, ‘इन्स्टॉल’ दाबा, लिबरऑफिस बंद करून उघडा. नवे अर्ज मात्र युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर तसंच दिसणाऱ्या मराठीत) करा.