पहिल्याच तासाला डोळे मिटायला लावू नका

माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देणं, शिकवताना ‘डोळे मिटा, शांत बसा’ म्हटलं की लहान मुलं एक डोळा किलकिला करून शेजाऱ्याकडे बघतात आणि खुदखुदतात. त्यापेक्षा घंटा वाजवा. नाद पूर्ण विरला की हात वर करायचा. ‘मला अजून ऐकू येतंय’ म्हणून भांडतील, भांडू द्या, कान तर लागलेत ना! दोन मिनिटं पुरे.

किशोरवयीन मुलांवर सक्ती मात्र अजिबात नको. ब्रिटनमधल्या ८५ शाळांत झालेल्या माइंडफुलनेसच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि बहुतेकांनी घरी फारसा सराव केलाच नव्हता. नुसतं बसून राहायचीही मुभा द्या. श्वासाकडे लक्ष देताना कुणी घाबरलं, तर लक्ष तळपायांकडे न्या. तुमचा स्वतःचा सराव नसेल तर एवढ्यात वर्ग घेऊच नका.