जपानमध्ये जुन्या काळी एका तिकिटावर दिवसभर थिएटरात बसता यायचं म्हणतात, खरं आहे का?

हो, खरंय. कॉलेजला असताना मी तालुक्याच्या एका टॉकीजमध्ये दोन वर्षं डोअरकीपर होतो आणि पुढे नोकरीपायी टोकियोत राहिलो, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही.

आमच्याकडे शो सुटला की पहिलं काम म्हणजे बॅटरी मारत खुर्च्यांखाली बघायचं, पुढच्या शोसाठी कोणी पोरगं लपलंय का, सापडलं की कॉलर धरून बाहेर. तिकडे नेमकं उलटं. हॉल रिकामा करायचाच नाही. सीट नंबरबिंबर काही नाही, पिक्चर अर्धा झाल्यावर घुसा, शेवट बघा, तसेच बसून राहा, परत सुरू झाला की आपण आलो तो सीन येईपर्यंत बघा आणि मग उठा, नाहीतर उठूही नका. म्हणजे खुनी आधी कळणार आणि खून नंतर होणार, पण लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. झोप काढायला येणारेही असायचे.

दारावर तिकीट फाडणाऱ्याला तिकडे 'मोगिरी' म्हणतात. मोगिरु म्हणजे झाडावरून फळ तोडणं, म्हणजे आपल्या भाषेत खुडणाराच की! मी दोन वर्षं तिकिटं फाडली पण खुडतोय असं कधी वाटलं नाही, गर्दीत पब्लिक माझाच शर्ट फाडायचं.

आणि गर्दी म्हणाल तर १९५८ साली जपानात ११२ कोटींवर तिकिटं खपली. लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या थोडी वर, म्हणजे तान्ह्या बाळांसकट माणशी वर्षाला बारा पिक्चर. खुर्च्या भरल्या की उभ्याने बघायचं तिकीट द्यायचे. एका तिकिटात दोन पिक्चर, कुठे कुठे तीन. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची असली की रीळ संपलं रे संपलं की पोरगा ते सायकलवर टाकून दुसऱ्या थिएटराकडे सुटायचा. हे मात्र आपल्याकडेही होतं, आमचा ऑपरेटर सांगायचा, पोरगं वेळेत पोचलं नाही की शिट्ट्या आणि शिव्या दोन्ही त्यालाच.

१९६० साली साडेसात हजाराच्या आसपास थिएटरं होती तिकडे. मग घरोघरी टीव्ही आला आणि १९६३ पर्यंत प्रेक्षक निम्म्याहून कमी. पुढे १९९३ ला टोकियोजवळच्या एबिनाला मल्टिप्लेक्स निघालं आणि हळूहळू सगळीकडे सीट नंबर, शो संपला की बाहेर, हे आपल्यासारखंच सुरू झालं.

तरी जुने पिक्चर लावणारी काही थिएटरं टिकून आहेत. टोकियोतच इकेबुकुरोला शिन-बुंगेइझा म्हणून आहे, खाली पाचिंकोचा जुगार आणि वर थिएटर. तिथे मी एका तिकिटात दोन पिक्चर बघितले. पहिला संपला, दिवे लागले आणि मी सवयीने उठून दाराकडे निघालो. बाकी कोणी जागचं हललं नाही. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर बूट काढून मस्त पाय मोकळे केले, मी आपला गुपचूप येऊन परत बसलो.